हरकत राखून

"रान विकलं का, आजी? कितीला गेलं?" बँकेतल्या पोराने हे अगदी सहज विचारलं. त्यात वाईट काही नव्हतं. चेक जांभळ्या दिव्याखाली धरून तो पाठपोट बघत होता. आकडा बघून त्याच्या भुवया जरा वर गेल्या होत्या. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या नावाने एवढा मोठा चेक आला की तो रानाचाच असणार, हे तालुक्याच्या बँकेत काम करणाऱ्या कुणालाही कळतं. आई काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. ती म्हणाली, "इकलं न्हाई, बाळा." तो "हां, हां" म्हणत शिक्का शोधू लागला. मग तिने पुन्हा, जरा मोठ्याने, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं सांगितलं, "आमी न्हाई इकलं. घेतलं ते आमचं." पोराने मान डोलावली, भरणा पावतीच्या दोन्ही तुकड्यांवर शिक्का मारला, एक तुकडा फाडून माझ्या हातात दिला. रांग पुढे सरकली.

बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात आई कधी कुणाला दुरुस्त करत नाही. नाव चुकीचं पुकारलं तरी उठून उभी राहते. वय दहा वर्षांनी कमीजास्त लिहिलं तरी "लिवा तसंच" म्हणते. त्यामुळे त्या दिवशीचं तिचं ते दोनदा सांगणं माझ्या डोक्यातून जाईना. पैसे तर येतच होते, आणि ते कशाचे याने बँकेला काय फरक पडणार होता? घरी येताना एसटीत खिडकीशी बसल्यावर तिचा डोळा लागला, पण मी मात्र त्या एका वाक्यापाशीच अडकले होते.

आमचं रान ओढ्याच्या काठाला होतं. बालाघाटाच्या उतारावरचं आमचं गाव, वर सगळा मुरमाड माळ आणि खाली ओढ्याच्या दोन्ही अंगांना काळी पट्टी. साठवण तलाव करायचा तर तो ओढ्यावरच होणार, म्हणजे गावातली सगळ्यांत चांगली जमीन आधी बुडणार. माळावर तलाव होत नाही. ही साधी गोष्ट लहानपणी मला कुणी सांगितली नाही; मला वाटायचं की सरकारने मुद्दाम आमचंच रान निवडलं. आणि भिंत झाल्यावर पाणी गेलं ते खालच्या गावांना, लाभक्षेत्र त्यांचं. आम्ही भिंतीच्या वरच्या अंगाला. उरलेला माळ पाण्याच्या काठावर असून कोरडा. तलावाचं पाणी समोर दिसायचं आणि पिण्याच्या पाण्यासाठी बाया हापशावर नंबर लावायच्या. खालच्या गावांत ऊस उभा राहिला, त्याचा राग मला आजही येत नाही. पाणी कुणाला तरी मिळालंच पाहिजे. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षात कलम चारची, म्हणजे तुमची जमीन घेणार असं सांगणारी नोटीस निघाली. तेव्हा 1894 चा भूसंपादन कायदा होता, इंग्रजांच्या वेळचा. त्यात तुमच्या जमिनीची किंमत कुठल्या दिवसाची धरायची, तर नोटीस निघाली त्या दिवसाची. पुढे पैसे हातात यायला किती का वर्षं लागेनात, भाव गोठला तो गोठला. संयुक्त मोजणीला पाटबंधाऱ्याची माणसं, तलाठी, भूमी अभिलेखवाले असे सगळे आले होते. अण्णा, माझे वडील, त्यांच्यामागे बांधाबांधाने फिरत होते आणि मी अण्णांच्या मागे. विहीर दाखवली, मोट जाऊन बसवलेलं इंजिन दाखवलं, आंब्याची झाडं दाखवली. एकाने झाडाच्या बुंध्याला टेप लावून घेर मोजला आणि वहीत लिहिला. आंबा गोड आहे की आंबट, हे त्याने विचारलं नाही. अण्णांनी न विचारताच सांगितलं, "शेपूच्या वासाचा हाय, लोणच्याला लई चांगला." तो माणूस हसला. हसणं खरंच चांगलं होतं त्याचं.

निवाडा, म्हणजे कुणाला किती पैसे द्यायचे ते ठरवणारा सरकारी कागद, आला तेव्हा विहीर असलेली ती पट्टी जिरायत धरलेली होती. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होती, पण पीकपेऱ्यात तलाठ्याने वर्षानुवर्षं ज्वारीच लिहिली होती. गहू, भुईमूग, उन्हाळी भेंडी यांचा कागदावर पत्ता नाही. आणि भाव काढला तो आजूबाजूच्या खरेदीखतांवरून. खरेदीखतात खरी किंमत तेव्हा कोण लिहायचं? स्टॅम्पचा खर्च वाचावा म्हणून लोक निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली आकडा टाकायचे, उरलेले पैसे हातोहात. तोच खोटा आकडा पुढे शेजारच्या माणसाच्या जमिनीचा सरकारी भाव झाला. आमच्या गावात यावरून किती घरांचं बोलणं तुटलं, ते सांगायला हा लेख पुरणार नाही. अण्णा मात्र कुणाला बोलले नाहीत. ते म्हणायचे, "त्याला काय ठाव, आपलं रान त्याच्या कागदानं मोजतेल म्हून."

पहिला मावेजा, म्हणजे रानाचा मोबदला, उचलायला अण्णा गेले तेव्हा मीही सोबत होते. चेक घ्यायच्या आधी एका कागदावर सही करायची होती. तिथे बसणाऱ्या अर्जनवीसाने अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं की सहीच्या वर 'हरकत राखून रक्कम स्वीकारली' एवढं लिहा, नाहीतर पुढे कोर्टात जाता येणार नाही. हे खरं होतं. त्या कायद्यात अशी अटच होती: निषेध न नोंदवता पैसे घेतले की कलम अठराखाली वाढीव मावेजा मागायचा हक्क संपला. ज्यांना कुणी सांगितलं नाही त्यांनी नुसत्याच सह्या केल्या. अण्णा चौथी शिकलेले. त्यांनी ते चार शब्द लिहायला बराच वेळ घेतला. बोटांना शाई लागली. 'राखून'मधला ख त्यांनी जुन्या वळणाचा काढला, र आणि व शेजारी शेजारी. खिडकीतला माणूस घाई करत होता आणि अण्णा त्याच्याकडे न बघता अक्षरं काढत होते. त्या सगळ्या प्रकरणात अण्णांना स्वतःचं म्हणून काही लिहायला मिळालं ते एवढंच.

मग हैदराबाद बँक. स्टेट बँक ऑफ हैदराबाद हे तिचं पूर्ण नाव आमच्याकडे पाटीवर सोडून कुठे ऐकलं नाही. 2017 मध्ये ती स्टेट बँकेत गेली तरी जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. त्या काळी पैसे काढायचे तर आधी पितळी बिल्ला मिळायचा. अण्णांनी तो माझ्या हातात दिला. जड, गार, मधे आकडा कोरलेला, कडा हजार हातांनी गुळगुळीत झालेल्या. जाळीमागून नंबर पुकारेपर्यंत मी तो मुठीत धरून बसले आणि मूठ उघडली तर तळहाताला पितळेचा वास. नंबर आला, बिल्ला परत गेला, नोटा आल्या. अण्णांनी त्या मोजल्या नाहीत. धोतराच्या सोग्यात बांधल्या, वर टॉवेल गुंडाळला. त्यातले काही सोसायटीच्या कर्जाला गेले, काही ताईच्या लग्नाला, राहिलेल्यातून माळावर बोअर घेतला तो कोरडा लागला. वर्षाच्या आत पहिला मावेजा संपला होता. रान गेलं आणि त्याचे पैसेही गेले, हे आमच्या भागात इतक्या घरांत घडलंय की कुणी त्याची गोष्ट करून सांगत नाही.

कोर्टाने मावेजा वाढवून दिला. शासन अपिलात गेलं. अपील औरंगाबादच्या खंडपीठात पडून राहिलं.

अण्णा त्यातच गेले. त्यानंतर वारस लावण्याचे कागद झाले: आई, ताई, भाऊ आणि मी. अण्णांच्या नावापुढे 'मयत' आणि खाली आमची चार नावं. तारखांना भाऊ जायचा. एसटीने पहाटे निघून रात्री परत. वकील नसला की पुढची तारीख, सरकारी वकील नसला की पुढची तारीख. भावाने हे किती वर्षं केलं ते मला नीट ठाऊक आहे आणि पुढे जे सांगणार आहे ते वाचताना त्याची ही धावपळ वाचणाऱ्याने विसरू नये असं मला वाटतं.

2016 साली, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात, आमचा तलाव तळाला गेला. आई म्हणाली, चल बघून येऊ. आम्ही भिंतीवरून खाली उतरलो. गाळ फुटून मोठमोठ्या भेगा पडल्या होत्या, पाय घातला तर पोटरीपर्यंत आत जाईल अशा. आई सरळ चालत गेली, कुठे वळायचं हे तिला कळत होतं. मला सगळं सारखंच दिसत होतं. एका जागी ती थांबली आणि पायाने गाळ बाजूला केला. खाली विहिरीच्या काठाचा दगड होता, घडीव, एका अंगाला दोराने घासून खाच पडलेला. विहीर पूर्ण बुजलेली. ती दगडावर बसली, कमरेची पिशवी काढून तंबाखू मळला, म्हणाली, "हितं जांभळ होती." मग काही बोलली नाही. जवळच जेसीबी गाळ काढत होता आणि ट्रॅक्टर भरभरून लोक माळरानांवर नेऊन टाकत होते. तो गाळ म्हणजे चांगलं खत, त्यात चूक काही नाही. पुढे सरकारने त्याची योजनाही केली. भावानेही चार खेपा नेल्या. आमच्याच रानाची माती आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरने आमच्या माळावर नेली. एका वर्षी तर तलावाचं पाणी ओसरल्यावर गाळपेऱ्याला जमीन मिळते म्हणून भावाने अर्ज केला आणि आमच्याच पट्टीवर, एका हंगामाच्या परवान्याने, हरभरा घेतला. इतका हरभरा माळावर कधी आला नव्हता. आई घाटे सोलताना सारखी म्हणायची, "बग की, अजून वळखतंय."

नंतर लोकअदालतीची नोटीस आली. वाढीव मावेजा जेवढा ठरला होता त्यावरच्या व्याजातला काही भाग सोडा, अपील मिटवू, पैसे लगेच मिळतील, असं एकंदर. त्या जुन्या कायद्यात वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि पुढे पंधरा टक्के व्याज आहे, त्यामुळे इतक्या वर्षांनी मुदलापेक्षा व्याजच कितीतरी मोठं झालं होतं. सोडायचं ते थोडंथोडकं नव्हतं. मला ते पटत नव्हतं. उशीर ज्यांनी केला त्यांनीच उशिराचे पैसे कमी करून मागावेत, हे मला आजही पटत नाही. वकील म्हणाले, लढायचं तर लढू, पण तिकडून पुढे दिल्ली आहे, सुप्रीम कोर्ट.

लोकअदालतीत गर्दी होती. एका टेबलामागे न्यायाधीश आणि पॅनेलवरचे आणखी एक वकील, समोर पाटबंधाऱ्याचे अधिकारी, सरकारी वकील, आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आमच्यासारखे. आमचा नंबर आला. न्यायाधीशांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि थेट आईकडे बघून विचारलं, "आजी, ही रक्कम तुम्हाला मान्य आहे का? कुणाचा दबाव वगैरे नाही ना?" आईने लगेच उत्तर दिलं नाही. वकील तिच्याकडे बघून मान हलवत होते, भाऊ हळूच "हो म्हण" म्हणत होता. तिने विचारलं, "आन न्हाई म्हनलं तर?" टेबलामागे क्षणभर कुणी बोललं नाही. मग न्यायाधीशांनी तिला नीट, घाई न करता समजावून सांगितलं की नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, अपील पुढे चालेल, निकाल काय लागेल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. आणि हो म्हणालात तर हा निवाडा कायमचा, यावर पुन्हा अपील नाही. तिने ऐकून घेतलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मग मान्य हाय," म्हणाली आणि सही केली. सही करायला ती साक्षरता वर्गात शिकली, अण्णांच्या मागे.

बाहेर आल्यावर मी चिडलेली होते. ती नव्हती. उसाच्या रसाच्या गाड्यावर बसून रस पीत ती म्हणाली, "ईचारलं तरी माणसानं." मला तेव्हा ते फार केविलवाणं वाटलं. एवढे पैसे सोडून दिले आणि समाधान कशाचं, तर विचारलं याचं. पण बँकेतल्या त्या वाक्यानंतर मी त्यावर पुन्हापुन्हा विचार केला आणि माझं मत बदललं. नोटीस निघाली तेव्हा अण्णांना कुणी विचारलं नव्हतं की देता का. हरकती मागवल्या जातात, पण हरकत घेतली म्हणून आमच्या भागात तलाव थांबल्याचं मी ऐकलेलं नाही. 2014 पासून नवा कायदा लागू झाला, त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के लोकांची आणि सरकार व खासगी भागीदारी असेल तर 70 टक्के लोकांची संमती लागते. पण सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला आजही संमतीची अट नाही. विकणाऱ्याला नाही म्हणता येतं. भाव कमी वाटला तर उठून जाता येतं. आईच्या जन्मात त्या रानाबद्दल तिला नाही म्हणायची मुभा मिळाली ती फक्त त्या टेबलापुढे, रान पाण्याखाली जाऊन पाव शतक उलटल्यावर. तिने ती मुभा काय आहे हे आधी तपासून घेतलं आणि मगच हो म्हणाली. म्हणून काउंटरवरच्या पोराचं "विकलं का" तिला चाललं नाही.

चेक मिळाल्यावरही बँकेचं काम सरळ झालं नाही. आम्हा तिघा भावंडांच्या संमतीने चेक आईच्या नावाने निघाला होता आणि कोर्टाच्या कागदात तिचं नाव अण्णांच्या नावासह, मधे 'भ्र.', म्हणजे भ्रतार, नवरा, घालून होतं, मराठवाड्यात असतं तसं. आधारवर 'भ्र.' नाही, वर आडनावात एक काना कमी. खातं जनधनचं, शिबिरात बँकमित्राने उघडलेलं, पुरते कागद न घेता. अशा छोट्या खात्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर राहू शकत नाही. म्हणजे आधी केवायसी, त्यासाठी आधार दुरुस्ती, मग पॅन कार्ड, कारण पॅन नसेल तर व्याजावरचा कर दहाऐवजी वीस टक्के कापतात. आणि चेकची मुदत तीन महिने. आधार केंद्रावर आईच्या बोटांचे ठसेच उमटेनात. खुरपं धरून रेषा गेल्या आहेत. केंद्रावरची मुलगी चांगली होती, तिने ओल्या फडक्याने आईची बोटं एकेक करून पुसली, थोडं व्हॅसलीन चोळलं, पुन्हा काचेवर दाबून धरली. करंगळीवर हिरवा दिवा लागला तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

चेक वटल्याचा मेसेज भावाच्या फोनवर आला. खात्याला नंबर त्याचा जोडलेला होता, आईकडे फोन नव्हता तेव्हापासून. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आईला केबिनमध्ये बोलावलं. इतकी वर्षं निराधारचे पैसे काढायला ती ज्या बँकेत बाहेरच्या पायरीवर बसायची, तिथे आत खुर्ची मिळाली, चहा आला, बिस्किटं आली. साहेबांनी एक रंगीत कागद पुढे केला. नातवाच्या नावाने पाच वर्षं भरायचं, मग भरपूर मिळेल, बँकेचंच आहे समजा. ते विमा कंपनीचं होतं, मी वाचत होते. आईने बशीत चहा ओतला, प्यायली, कप बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मला पावतीच करायची हाय. साधी." मुदत ठेवीला आमच्याकडे पावतीच म्हणतात. साहेब पुन्हा समजावू लागले. ती पुन्हा तेच म्हणाली. मग त्यांनी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. घरीही तसलंच. लांबचा एक पाहुणा दोनदा येऊन गेला, मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवा, बँकेपेक्षा कितीतरी जास्त देतात म्हणाला. आमच्या भागात बंद पडलेल्या मल्टिस्टेटच्या शटरपुढे बसलेल्या बाया मी बघितल्या आहेत. बँक बुडाली तर निदान पाच लाखांपर्यंत ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, मल्टिस्टेटच्या ठेवीला तेही नाही. हे मी आईला सांगितलं. पाहुण्याला चहा मिळाला, पैसे नाही.

केबिनमध्ये साहेबांनी विचारलं, पावती कुणाच्या नावाने? भाऊ माझ्या शेजारी होता. गावात सगळे धरूनच चालले होते की आईच्या खात्यातून पैसे भावाच्या खात्यात जाणार. बहिणी हक्कसोड करतात, साडीचोळी घेतात, माहेर राखतात, ही आमच्याकडची रीत आहे आणि मी ती मोडायला गेले नव्हते. आईने आधी वकिलाची फी आणि तारखांच्या खर्चापोटी भावाला द्यायची रक्कम वेगळी काढायला सांगितली. मग माझ्याकडे वळून, साहेबांच्या देखत, विचारलं, "तुला पायजेत का तुझं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. भावाने नाही, मीही स्वतःला नाही. उत्तर तयार होतं ते 'नको'च. चांगल्या बहिणीचं उत्तर, लहानपणापासून तोंडात बसलेलं. भावाचे तडे गेलेले तळपाय मला दिसत होते. माझ्या घरी पगार येतो, त्याच्या घरी सोयाबीन येतं, आलं तर. तरीही मी म्हणाले, "पाहिजेत." गाल तापले. भावाने खिडकीबाहेर बघितलं. मला ते पैसे हवे होते, गरजेसाठी नव्हे तर त्या रानावर माझंही काही होतं हे कुठेतरी लिहिलं जावं म्हणून. हे बरोबर की लोभ, याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. आईने ताईला तिथूनच फोन लावायला सांगितला. ताई म्हणाली, मला नको, त्याला राहू दे. आई म्हणाली, "बरं. पंचमीला आलीस की परत ईचारीन." आणि पंचमीला, ताई झोक्यावरून उतरल्यावर, तिने खरंच पुन्हा विचारलं. ताई बराच वेळ पदराच्या टोकाला गाठी मारत बसली, मग म्हणाली, "दे मग."

भाऊ महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. मग त्याच्या पोराच्या फीचं निमित्त झालं आणि बोलणं सुरू झालं, पण पहिल्यासारखं म्हणता येणार नाही. "तारखा मी केल्या," असं तो एकदा म्हणाला. ते खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आईला तिच्या वाट्यातून रान घ्यायचं आहे. आज आमच्या भागात पाणी असलेल्या जमिनीचा एकरी भाव बघता तिच्या वाट्यात जेमतेम एक एकर बसेल, गेलेल्या पट्टीच्या पासंगालाही न पुरणारा. तरी तिला घ्यायचंच आहे. भावाने शेजारच्या गावात एक तुकडा काढला: काळी जमीन, सामाईक विहिरीत हिस्सा, वाट सरळ. विकणारा अडचणीत होता, भाव बरा सांगत होता. बयाणा द्यायला आम्ही गेलो. ओसरीवर चहा झाला, सातबारा दाखवून झाला, चतुःसीमा वाचून झाल्या. आई मधेच उठली आणि "बाई कुटं हाय घरातली?" म्हणत आत गेली. मी मागे गेले. विकणाऱ्याची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. आई तिच्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "ह्यो रान इकायलाय. तुला ईचारलंय का?" त्या बाईने हात थांबवले नाहीत. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटवली. मग म्हणाली, "आमाला कोण ईचारतंय, मावशी." आईने विचारलं, "मी ईचारायले न्हवं? तुजं काय म्हननं?" बाई म्हणाली, "नगं इकाय वाटतंय. पोरं ल्हान हायती."

आईने बयाणा दिला नाही. भाऊ परतीच्या वाटेवर संतापला होता: त्यांचं कर्ज आहे, ते आज ना उद्या विकणारच, आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल, आणि असं घरोघरी चुलीपाशी जाऊन विचारत बसलो तर आपल्याला जन्मात रान मिळायचं नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो तुकडा दिवाळीच्या आत तिसऱ्याच माणसाने घेतला. आई म्हणते, दुसरं बघू. भावाने परवा धाराशिवच्या वाशीकडची एक जमीन सांगितली आहे; या रविवारी बघायला जायचं ठरलंय, आणि घरात बाई असेल अशा वेळी जायचं, असं तिने त्याला आधीच बजावून ठेवलंय.